द डॅल्स गावाचे तीन पाहुणे

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात कोलंबिया नावाची मोठी नदी आहे. कॅनडात उगम पावून सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून ती पॅसिफिक महासागराला मिळते. शेवटच्या टप्प्यात ती ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांची सीमा बनून कॅस्केड पर्वताची रांग कापते. या रांगेच्या पूर्वेला, नदीच्या काठी, द डॅल्स नावाचे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १६ हजार होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढी. समुद्राकडून येणारे ढग कॅस्केडच्या पश्चिम उतारावर रिते होतात आणि गावाच्या वाट्याला वर्षाला जेमतेम ३५० मिलिमीटर पाऊस येतो. सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटाव भागात राहणाऱ्यांना पर्जन्यछायेची ही गोष्ट नवी नाही.

डेटा सेंटर हा शब्द आता वर्तमानपत्रांतून रोज वाचायला मिळतो. हजारो संगणक एका छपराखाली रात्रंदिवस चालवणारी ही केंद्रे शहराबाहेर, मोकळ्या जमिनीच्या, स्वस्त विजेच्या आणि भरपूर पाण्याच्या शोधात निघाली आहेत. ग्रामीण भागाने त्यांचे स्वागत करावे की त्यांना विरोध करावा, असा वाद अनेक देशांत चालू आहे. या वादात भविष्याविषयी बरेच बोलले जाते. पण एका गावाला या प्रश्नाचा अनुभव घेऊन वीस वर्षे होत आली आहेत. ते गाव म्हणजे द डॅल्स. गूगल या कंपनीने स्वतःसाठी बांधलेले पहिले मोठे डेटा सेंटर २००६ साली येथे सुरू झाले.

या गावाच्या इतिहासात गूगल हा काही पहिला मोठा पाहुणा नव्हे. त्याच्या आधी दोन येऊन गेले होते, आणि तिघांनाही येथे आणणारी गोष्ट एकच होती : कोलंबियाचे वाहते पाणी. तिघांच्या आगमनाचा इतिहास एकापुढे एक ठेवून पाहिला तर स्वागत करावे की नाही हे ठरवण्याआधी कोणते प्रश्न विचारायला हवेत, हे बऱ्यापैकी स्पष्ट होते.

पहिला पाहुणा : धरण

द डॅल्सच्या वरच्या अंगाला सुमारे वीस किलोमीटरवर सेलिलो नावाचा धबधबा होता. नदी येथे काळ्या बेसॉल्ट खडकाच्या अरुंद खाचांतून उसळत जाई. समुद्रातून अंडी घालण्यासाठी उलट पोहत येणारे सॅमन मासे या ठिकाणी दाटीने जमत. खडकाला लाकडी मचाणे बांधून, लांब दांड्याच्या जाळ्यांनी हे मासे पकडले जात. या परिसरात दहा हजार वर्षांच्या आसपास माणसाची वस्ती आणि मासेमारी असल्याचे उत्खननांतून दिसते. दूरदूरच्या जमाती येथे व्यापारासाठी जमत. लुईस आणि क्लार्क यांची मोहीम १८०५ साली येथून गेली, तेव्हा त्यांनीही या बाजाराची नोंद केली.

१८५५ साली अमेरिकन सरकारने या भागातील जमातींशी करार केले. याकामा, उमाटिला, नेझ पर्स आणि वॉर्म स्प्रिंग्ज या जमातींनी आपल्या बहुतेक जमिनी सोडल्या, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क मात्र लेखी राखून ठेवला. सेलिलो ही त्यांतली सर्वांत महत्त्वाची जागा होती.

१९३० नंतर कोलंबियावर धरणांचा काळ सुरू झाला. बॉनव्हिल धरण १९३८ च्या सुमारास आणि ग्रँड कूली धरण १९४२ साली उभे राहिले. त्यांची वीज विकण्यासाठी १९३७ साली बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन ही सरकारी संस्था निघाली होती. महामंदीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या त्या प्रदेशाला ही स्वस्त वीज वरदान वाटली, आणि बऱ्याच अर्थाने ती होतीही. शेतांवर दिवे आले, पंप आले, कारखाने आले. त्याच मालिकेतले द डॅल्स धरण लष्कराच्या अभियंत्यांनी १९५२ साली बांधायला घेतले. १० मार्च १९५७ रोजी त्याचे दरवाजे बंद झाले, आणि काही तासांतच सेलिलोचा धबधबा पाण्याखाली गेला.

जमातींना मिळून सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर भरपाई देण्यात आली. सेलिलो गावाचे वयोवृद्ध प्रमुख टॉमी थॉम्प्सन यांनी मात्र धरणाला अखेरपर्यंत विरोध केला. भरपाईची रक्कम पकडल्या जाणाऱ्या माशांच्या बाजारभावावर आधारलेली होती. हजारो वर्षांचा मेळावा, नातेसंबंध जुळण्याची जागा, वर्षाच्या पहिल्या माशाचा विधी, यांना बाजारभाव नव्हता आणि त्यामुळे हिशेबात त्यांचे खातेच उघडले गेले नाही. येथे पहिली नोंद करून ठेवायला हवी. धरणाचे स्वागत करणारे आणि धरणाची किंमत मोजणारे हे दोन वेगळे समाज होते. 'गावाने स्वागत केले' असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा त्या 'गावा'त कोण कोण धरले आहे, हे आधी पाहावे लागते.

दुसरा पाहुणा : ॲल्युमिनियम

धरणाची क्षमता टप्प्याटप्प्याने सुमारे १८०० मेगावॉटवर गेली. एवढी वीज घेणारे गिऱ्हाईक हवे होते. ॲल्युमिनियम हे विजेचे फार मोठे गिऱ्हाईक. ॲल्युमिनाचे विद्युत-अपघटन करून एक किलो धातू मिळवायला साधारण १५ युनिट वीज लागते. म्हणूनच या धातूला काही जण घट्ट झालेली वीज म्हणतात. कोलंबियाच्या खोऱ्यात पहिला ॲल्युमिनियम कारखाना १९४० साली निघाला, दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी त्यांची संख्या वाढली, आणि १९५८ साली द डॅल्स येथे हार्वे ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना सुरू झाला. पाचशेहून अधिक लोकांना काम मिळाले. गावाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती. पगार चांगले होते आणि त्यावर दुकाने, शाळा, घरे उभी राहिली.

द डॅल्सच्या आसपासच्या टेकड्यांवर फळबागा आहेत. येथील चेरी प्रसिद्ध आहे. ॲल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवून त्यातून वीज सोडतात. क्रायोलाइट हे फ्लोरीनचे संयुग असल्याने कारखान्याच्या धुरात फ्लोराइडे येतात. ती झाडांच्या पानांत साठतात, पानांच्या कडा करपतात, फळे बिघडतात. बागायतदार न्यायालयात गेले. पानांचे रासायनिक विश्लेषण करून फ्लोराइडचे प्रमाण सांगता येत होते, त्यामुळे हा वाद केवळ तक्रारीच्या पातळीवर राहिला नाही. १९६३ साली न्यायालयाने आदेश दिला की भट्ट्यांवर झाकणे बसवा आणि धुरातील कण विजेच्या साहाय्याने पकडणारी यंत्रे लावा. तसे न केल्यास कारखान्याला मनाई करण्यात येईल. कारखाना बंद करा, असे बागायतदारांना मिळाले नाही. सर्व धूर सोडण्याची मोकळीक कारखान्यालाही मिळाली नाही. मोजता येणारे नुकसान पुढे ठेवल्यामुळे मधला मार्ग निघाला.

हा पाहुणा कायमचा राहिला नाही. कारखाना पुढे मार्टिन मॅरिएटा कंपनीकडे गेला, १९८४ साली बंद पडला, काही वर्षांनी नव्या मालकाने पुन्हा चालू केला. भट्ट्यांच्या टाकाऊ अस्तरातील सायनाइड व फ्लोराइड जमिनीत व भूजलात उतरले होते. १९८७ साली ही जागा देशातील अत्यंत दूषित जागांच्या 'सुपरफंड' यादीत गेली आणि साफसफाईनंतर १९९६ साली यादीतून निघाली. २०००–०१ मध्ये कॅलिफोर्नियातील वीजटंचाईमुळे पश्चिम किनाऱ्यावर विजेचे भाव कित्येक पटींनी भडकले. धातू बनवण्यापेक्षा ती वीज दुसऱ्याला जाऊ देणे अधिक फायद्याचे ठरू लागले आणि खोऱ्यातले बहुतेक कारखाने थंड झाले. द डॅल्सचा कारखानाही त्यात गेला.

म्हणजे येथे दुसरी नोंद : पाहुणा विजेच्या भावासाठी आला होता आणि विजेच्या भावामुळेच गेला. गावाशी त्याचे दुसरे नाते नव्हते. मागे उरली ती रिकामी जमीन, बेकार झालेली माणसे आणि, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, त्या जमिनीबरोबर असलेले भूजल उपसण्याचे हक्क.

तिसरा पाहुणा

कारखाना जात असताना गावाने एक दूरदृष्टीचे काम केले होते. मोठ्या दूरसंचार कंपन्यांना एवढ्या लहान गावात प्रकाशतंतूची वेगवान तार टाकण्यात रस नव्हता. तेव्हा नगरपालिका आणि वास्को परगणा यांनी २००१ साली एकत्र येऊन 'क्यूलाइफ' नावाची सार्वजनिक संस्था काढली, आणि कर्ज व अनुदान यांतून गावाभोवती सुमारे २७ किलोमीटरची तार स्वतःच टाकली. शाळा, रुग्णालय, कचेऱ्या जोडल्या गेल्या. गावातील वीजवितरणही ग्राहकांनी निवडून दिलेल्या मंडळाच्या सार्वजनिक संस्थेकडे होते आणि तिला बॉनव्हिलची स्वस्त वीज मिळत होती.

२००५ साली 'डिझाइन' नावाच्या एका अपरिचित कंपनीने येथील बंदर-मंडळाकडून सुमारे ३० एकर जमीन घेतली. स्थानिक अधिकाऱ्यांनी गुप्ततेच्या करारांवर सह्या केल्या होत्या. या नावामागे गूगल आहे हे गावाला हळूहळूच कळले. २००६ च्या जून महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फुटबॉलच्या मैदानाएवढ्या दोन इमारती आणि त्यांच्यावरचे शीतकरणाचे उंच मनोरे यांचे वर्णन छापले, तेव्हा जगाला त्याची बातमी झाली.

गूगलला येथे स्वस्त वीज, तयार तार, सपाट जमीन आणि करमाफी मिळाली. ऑरेगॉनच्या ग्रामीण उद्योगक्षेत्र योजनेत नव्या इमारती व यंत्रसामग्रीवरचा मालमत्ता कर पंधरा वर्षांपर्यंत माफ होऊ शकतो. त्याऐवजी कंपनी स्थानिक संस्थांना ठरावीक रक्कम देते. डेटा सेंटरच्या बाबतीत ही माफी फार मोठी होते, कारण त्याची किंमत मुख्यतः आतल्या यंत्रांत असते. पुढील वर्षांत गूगलची गुंतवणूक शंभर कोटी डॉलरांच्या वर गेली आणि माफ झालेल्या करांची बेरीज वीस कोटी डॉलरांहून अधिक झाली. कायम रोजगार दोनशेच्या आसपास आहे. कारखान्याशी तुलना केली तर तो कमी आहे. शून्याशी केली तर कमी नाही, आणि २००५ साली गाव शून्याशीच तुलना करत होते. त्या वेळी स्वागत करणाऱ्यांना भोळे म्हणणे अन्यायाचे होईल.

पाण्याचा हिशेब

डेटा सेंटरला पाणी कशाला लागते, हे वर्गात सहज समजावून देता येते. संगणकाला दिलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत रूपांतरित होते. एक युनिट वीज म्हणजे ३६०० किलोजूल. एक लिटर पाण्याची साधारण तापमानाला वाफ होताना सुमारे २४०० किलोजूल उष्णता शोषली जाते; माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. म्हणजे बाष्पीभवनाने गारवा आणायचा असेल तर प्रत्येक युनिटमागे सुमारे दीड लिटर पाणी हवेत जाते. थंडीच्या दिवसांत बाहेरची हवा पुरते, आणि क्षार साचू नयेत म्हणून काही पाणी टाकूनही द्यावे लागते. त्यामुळे प्रत्यक्ष आकडे बदलतात. पण अंदाज बांधायला हा दीड लिटर पुरेसा आहे.

याच्या शेजारी धरणाचा हिशेब ठेवून पाहावा. द डॅल्स धरणावर पाणी सुमारे २५ मीटर खाली पडते. एक घनमीटर पाण्याने त्यात दिलेली ऊर्जा सुमारे २४५ किलोजूल. म्हणजे एक युनिट वीज तयार करायला पंधरा-सोळा हजार लिटर पाणी चक्रातून जावे लागते. हा आकडा प्रचंड वाटतो, पण ते पाणी पुढे नदीतच राहते. दीड लिटर मात्र हवेत जाते आणि त्या गावाला परत मिळत नाही. शिवाय गाव कोलंबियाचे पाणी पीत नाही. त्याचे बरेचसे पाणी माउंट हूड पर्वताकडच्या जंगलातील ओढ्यांतून येते आणि उरलेले विहिरींतून. भूजलाची पातळी इतकी खालावली होती की १९५९ सालीच राज्याने हा भाग चिंताजनक भूजलक्षेत्र म्हणून जाहीर केला होता.

२०२१ साली गूगलने आणखी दोन केंद्रे बांधण्याची योजना पुढे आणली. त्या उन्हाळ्यात त्या भागात उष्णतेची विलक्षण लाट आली होती आणि राज्यात दुष्काळ होता. सध्याची केंद्रे किती पाणी घेतात, असा साधा प्रश्न 'द ऑरेगोनियन' या वृत्तपत्राने नगरपालिकेला विचारला. नगरपालिकेने उत्तर दिले की हे कंपनीचे व्यापारी गुपित आहे. परगण्याच्या सरकारी वकिलाने आकडे देण्याचा आदेश दिला, तेव्हा तो आदेश रद्द व्हावा म्हणून नगरपालिकेने वृत्तपत्राविरुद्धच न्यायालयात दावा लावला. दाव्याचा खर्च गूगलने उचलला. दरम्यान नोव्हेंबर २०२१ मध्ये नगरसभेने पाण्याचा करार एकमताने मंजूर केला. त्यानुसार गूगलने पाणीव्यवस्थेच्या वाढीसाठी २ कोटी ८५ लाख डॉलर द्यायचे आणि आपल्याकडचे भूजलाचे हक्क शहराला द्यायचे ठरले. हे हक्क म्हणजे बंद पडलेल्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या जमिनीबरोबर गूगलकडे आलेले हक्क. दुसऱ्या पाहुण्याची मागे राहिलेली वस्तू तिसऱ्याच्या हाती गेली होती आणि तिच्यावरच नवा सौदा उभा राहिला.

हा करार गावाच्या तोट्याचाच होता, असे म्हणता येणार नाही. नव्या विहिरी, पावसाळी पाणी जमिनीत साठवण्याची सोय, या गोष्टी गावाला हव्याच होत्या. अडचण वेगळी होती. करार योग्य की अयोग्य हे ठरवायला लागणारा आकडा नागरिकांपुढे नव्हता, आणि मत मात्र देऊन झाले होते.

डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली आणि दहा वर्षांचे आकडे बाहेर आले. २०२१ साली गूगलच्या केंद्रांनी सुमारे १३४ कोटी लिटर पाणी वापरले होते. हा शहराच्या एकूण पाण्याच्या चतुर्थांशाहून अधिक भाग होता आणि पाच वर्षांत तो जवळजवळ तिप्पट झाला होता. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या मापाने पाहिले तर एवढे पाणी सुमारे ६७ हजार माणसांना वर्षभर पुरेल.

हा आकडा गुपित का ठेवायचा होता, याचाही विचार विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. १३४ कोटी लिटरला दीडने भागा : सुमारे ९० कोटी युनिट. वर्षाच्या ८७६० तासांनी भागा : सुमारे १०० मेगावॉट. पाण्याच्या मीटरवरून केंद्राच्या विजेचा आणि म्हणून संगणकांच्या संख्येचा ढोबळ अंदाज येतो, तो प्रतिस्पर्ध्याला येऊ नये अशी कंपनीची इच्छा असणे समजण्यासारखे आहे. पण नदी, ओढा आणि विहीर ही कंपनीची मालमत्ता नव्हे. त्यातून किती उपसा होतो हे गावाने जाणून घेण्याचा हक्क या गुपितापेक्षा मोठा मानायला हवा. आणि प्रत्यक्षात काय झाले? २०२२ च्या अखेरीस गूगलने अमेरिकेतील आपल्या केंद्रांच्या पाण्याचे आकडे ठिकाणानुसार स्वतःच प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यामुळे कंपनीचे दुकान बंद पडले नाही.

मग स्वागत करावे काय?

तीन पाहुण्यांच्या इतिहासातून एका शब्दातले उत्तर निघत नाही, पण अटी निघतात. नुकसान कोणाचे होणार त्या माणसांना ठरावाच्या वेळी खोलीत जागा हवी. धरणाच्या वेळी ती नव्हती. वापर आणि उत्सर्ग यांचे मोजमाप हवे. फ्लोराइडच्या वेळी ते झाले म्हणून न्यायालयाला मधला मार्ग काढता आला. पाहुणा निघून गेल्यावर जमीन, यंत्रे आणि पाण्याचे हक्क कोणाकडे राहतील हे आधी लिहून घ्यायला हवे. आणि हे सर्व आकडे सही होण्यापूर्वी उघड हवेत. यांपैकी शेवटची अट सर्वांत स्वस्त आहे. तिला पैसा लागत नाही, जमीन लागत नाही. एखादी कंपनी एवढी एक अटही मान्य करत नसेल, तर तिच्या बाकीच्या आश्वासनांची पारख करण्याचे साधनच गावाकडे उरत नाही. अशा वेळी नकार देणे हेच शहाणपणाचे.

गावाच्या हातात काय असते, हेही क्यूलाइफच्या उदाहरणावरून दिसते. स्वतःची तार आणि स्वतःची वीजसंस्था असलेले गाव रिकाम्या हाताने बोलणी करायला बसत नाही. पुढच्या करारांत द डॅल्सने पूर्वीपेक्षा अधिक रक्कम मिळवली, २०२१ च्या दोन केंद्रांसाठी करमाफीचा वाटाही कमी केला. राज्यही शिकले. २०२५ साली ऑरेगॉनने कायदा करून २० मेगावॉटहून अधिक वीज घेणाऱ्या अशा केंद्रांसाठी खाजगी वीजकंपन्यांनी वेगळा ग्राहकवर्ग करावा असे ठरवले, म्हणजे त्यांच्यासाठी लागणाऱ्या तारा आणि उपकेंद्रांचा खर्च घरगुती ग्राहकांच्या बिलात येऊ नये. द डॅल्ससारख्या सार्वजनिक वीजसंस्थांना मात्र तो कायदा लागू नाही. तेथे निवडून दिलेल्या मंडळानेच हे पाहायचे आहे.

आपल्याकडे हा प्रश्न आता दारात आला आहे. समुद्राखालून येणाऱ्या तारा मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्यामुळे ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे येथे डेटा सेंटरांची रांग उभी राहिली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. जमीन देणाऱ्या आणि पाणी वाटून घेणाऱ्या गावांपुढे तेच प्रश्न येणार. आपल्याकडे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्यातही व्यापारी गुपितांना संरक्षण देणारे कलम आहे, पण व्यापक लोकहितासाठी अशी माहिती उघड करता येईल, अशी तरतूद त्याच कलमात आहे. द डॅल्सच्या नागरिकांना जे तेरा महिन्यांच्या कोर्टकचेरीनंतर मिळाले, ते मागण्याची वाट आपल्याला कायद्याने दाखवलेली आहे.

इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांना मिळून एक उपक्रम करता येईल. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावाच्या पाण्याचा हिशेब मांडावा : नळयोजनेचा उद्‌भव कोणता, रोजचा उपसा किती, उन्हाळ्यात तो किती कमी होतो, शेतीला किती जाते, एखादा कारखाना असल्यास तो किती घेतो. ग्रामपंचायतीकडून मिळतील ते आकडे घ्यावेत, न मिळतील ते विहिरीची खोली आणि पंपाचे तास यांवरून काढावेत. मग दीड लिटरचा हिशेब वापरून पाहावे, की १० मेगावॉटचे एक केंद्र या गावात आले तर त्याला रोज किती पाणी लागेल. उत्तर साडेतीन लाख लिटरांच्या आसपास येईल. तो आकडा आपल्या गावाच्या तक्त्याशेजारी लिहून विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवावा.